काळा समुद्र, पांढरा समुद्र आणि कॅमेऱ्याच्या तीन चाक्या

रत्नागिरीला समुद्र एकच, पण आम्ही दोन म्हणतो. रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. नावं वाळूवरून पडलेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा नवाकोरा कॅमेरा घेऊन आला. सकाळी दहाच्या सुमारास त्याने मांडवीला वाळूचा एक फोटो काढला, मग आम्ही स्कूटरवरून पांढऱ्या समुद्रावर गेलो आणि तिथे दुसरा काढला. घरी येऊन दोन्ही लॅपटॉपवर शेजारीशेजारी लावले, तर वाळू एकाच रंगाची. ना काळी, ना पांढरी. ओल्या सिमेंटसारखी राखाडी.

"मामा, कॅमेरा परत देऊया काय?"

कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतो. वस्तू मुळात काळी की गोरी, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून तो सरसकट धरून चालतो, की समोर जे काही आहे ते मध्यम राखाडी आहे, पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारं. काळी वाळू दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळ करतो. पांढरी दिसली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो दाबतो. हल्लीचे मीटर चेहरा ओळखतात, आकाश ओळखतात, पण फ्रेमभर वाळू असली की अजूनही फसतात.

आता गंमत बघा. दोन्ही किनाऱ्यांवर ऊन तेच होतं, फक्त वाळू बदलली होती. मॅन्युअल एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते कॅमेऱ्याऐवजी आपण ठरवणं, शिकायचं ते याचसाठी. एक्सपोजर उजेडावरून ठरवायचं, वस्तूवरून नाही. उजेड बदलला तर चाकी फिरवा. वस्तू बदलली तर हात लावू नका. हे एकदा अंगात मुरलं की बाकीचं सवयीने जमतं.

चाक्यांचे कॅमेरे

मी शिकलो ते काकांच्या निकॉन एफएम२ वर. हा कॅमेरा १९८२ सालचा. डोक्यावर शटरची चाकी (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते), लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग (लेन्सचं भोक किती उघडायचं ते), आणि फिल्मचा आयएसओ (ती उजेडाला किती संवेदनशील आहे ते) शटरच्याच चाकीतल्या छोट्या खिडकीत. कॅमेरा बंद असो वा चालू, वरून नजर टाकली की सगळं कळायचं. पुढे १९८६ साली कॅननच्या टी९० ने आकडे दाखवणाऱ्या एलसीडी पडद्याला बोटाखालच्या चाकाची जोड दिली, आणि बहुतेक सगळ्यांनी तीच वाट धरली. डिजिटल आल्यावर आकडे लिहिलेल्या चाक्या जवळजवळ संपल्याच होत्या. एप्सनच्या आर-डी१ ने (२००४) आणि लायकाच्या एम८ ने (२००६) त्या जिवंत ठेवल्या, पण ते कॅमेरे आपल्या खिशाबाहेरचे. सामान्य हौशी माणसाच्या हातात चाक्या परत दिल्या त्या फुजीफिल्मने, २०११ च्या एक्स१०० मध्ये. मग २०१४ च्या एक्स-टी१ मध्ये आयएसओलाही वेगळी चाकी आली. निकॉनने २०१३ मध्ये डीएफ, २०२१ मध्ये झेड एफसी आणि २०२३ मध्ये झेड एफ काढला.

तुमच्याकडे यातला एकही नसेल, साधा डीएसएलआर असेल, तरी पुढचं सगळं तुम्हालाही लागू. मोड 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर, ठेवा. जिथे मी 'चाकी' म्हणेन तिथे तुमचं बोटाखालचं चाक समजा. फरक एवढाच, की आकडे तुम्हाला पडद्यात दिसतील आणि आम्हाला बॉडीवर.

पायरी १: तिन्ही 'ए' काढा

फुजीच्या एक्स-टी१ सारख्या कॅमेऱ्यांवर मोडची चाकी सापडत नाही म्हणून नवखे बावचळतात. ती नसतेच. लेन्सची रिंग आणि शटरची चाकी दोन्ही 'ए'वर, म्हणजे ऑटोवर, असतील तर कॅमेरा दोन्ही ठरवतो. रिंग 'ए'वरून काढली की अ‍ॅपर्चर तुमचं, शटर त्याचं. शटर काढलं आणि रिंग 'ए'वर ठेवली की उलट. दोन्ही काढलं की मॅन्युअल.

असं वाटतं खरं. पण तिसरा 'ए' राहिलेला असतो, आयएसओचा. माझ्याकडे शिकायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने इथेच ठेच खाल्ली आहे. तुम्ही शटर १/१२५ सेकंदावरून १/१००० वर नेता, फोटो काढता, आणि उजेडात काहीच फरक नाही. कारण तुम्ही जेवढा उजेड कमी केला तेवढा कॅमेऱ्याने आयएसओ वाढवून गुपचूप भरून काढला. तेव्हा आयएसओची चाकीही 'ए'वरून काढून २०० वर आणा. काही मॉडेलांत तिला मधोमध बटणाचं कुलूप असतं, ते दाबून फिरवा. निकॉनमध्ये मोडची बारकी कळ 'एम'वर न्यायची आणि ऑटो आयएसओ मेनूत जाऊन बंद करायचा.

उजव्या हाताला उणे ३ ते अधिक ३ लिहिलेली आणखी एक चाकी दिसेल. ती भरपाईची, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची. तिन्ही गोष्टी तुम्ही पक्क्या केल्या की फुजीत तिचा फोटोवर परिणाम होत नाही. निकॉनमध्ये फक्त मीटरचा काटा सरकतो, तेवढ्याने गोंधळ नको. शून्यावर ठेवा आणि विसरा.

शेवटचं म्हणजे मॅन्युअलमध्येही पडद्यावर खऱ्या एक्सपोजरचा उजेड-अंधार दिसेल अशी सोय मेनूत असते, ती चालू करा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं किती आणि पांढरं किती ते दाखवणारा आलेख, तोही लावून ठेवा. भर उन्हात किनाऱ्यावर मागचा पडदा काळाच दिसतो, त्याच्यावर विसंबून ठरवलंत तर घरी येऊन सगळे फोटो पांढरे फटक निघतात. हिस्टोग्राम उन्हात खोटं बोलत नाही.

पायरी २: पडवीत बसून स्टॉप मोजा

किनाऱ्यावर जाण्याआधी एक सकाळ पडवीत घालवा. तिन्ही चाक्यांची भाषा एकच आहे आणि तिचं एकक म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वाढवला म्हणजे उजेड दुप्पट, कमी केला म्हणजे निम्मा.

शटरचं सोपं. १/१२५, १/२५०, १/५००, १/१०००. चाकीवरचा प्रत्येक आकडा म्हणजे एक स्टॉप. आयएसओचंही सोपं: १००, २००, ४००, ८००, फक्त मधले १२५, १६० असे आकडेही असतात, म्हणून तीन टिक म्हणजे एक स्टॉप.

अ‍ॅपर्चरचे आकडे तेवढे विचित्र वाटतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आणि आकडा वाढला की उजेड कमी, हे तर अगदीच उफराटं. पण एकदा लेन्स हातात घेऊन बघा. ५० मिलिमीटरची लेन्स घ्या. एफ २ म्हणजे ५० भागिले २, म्हणजे भोक २५ मिलिमीटर रुंद. एफ ४ म्हणजे ५० भागिले ४, म्हणजे साडेबारा. रुंदी निम्मी झाली, पण भोक गोल आहे, त्यामुळे क्षेत्रफळ निम्म्याचं निम्मं, पाव झालं. पाव उजेड म्हणजे दोन स्टॉप. आता २ आणि ४ च्या मध्ये एका स्टॉपवर कोणता आकडा बसेल? २.८. दोनाला दोनच्या वर्गमुळाने गुणलं की तोच येतो. पाठ करायचे तर दोनच आकडे लक्षात ठेवा, २ आणि २.८, बाकीचे त्यांच्याच दुप्पटी आहेत: ४ आणि ५.६, ८ आणि ११, १६ आणि २२. अकरात थोडी हातचलाखी आहे, तेवढी सोडून द्या.

फुजीच्या रिंगेवर दोन लिहिलेल्या आकड्यांमध्ये तीन टिक असतात. डोळे मिटून फिरवा. ८ वरून टिक-टिक-टिक, ५.६. पुन्हा तीन, ४. भाच्याला मी हे अर्धा तास करायला लावलं तेव्हा आई आतून म्हणाली, "काय किल्ली देताय काय घड्याळाला?" पण त्यानंतर रिंगेकडे बघायची गरज त्याला पडली नाही.

आता अदलाबदल. खळ्यातल्या तुळशीवृंदावनाचा एक फोटो एफ ८, १/५०० वर काढा. मग रिंग तीन टिक उघडा (५.६) आणि शटर एक घर पुढे न्या (१/१०००). उजेड तोच राहिला पाहिजे. पुन्हा तीन टिक (४) आणि एक घर (१/२०००). तिन्ही फोटो सारखे उजळ, पण मागची केळ पहिल्यात स्पष्ट, तिसऱ्यात विरघळलेली. हे करताना ढग आला तर थांबा आणि पुन्हा सुरू करा, नाहीतर चूक चाकीची की आभाळाची ते कळणार नाही.

किट लेन्सवाल्यांनी, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स वापरणाऱ्यांनी, एक सांभाळायचं. ज्या झूम लेन्सवर ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं, तिचा सगळ्यात लहान एफ आकडा झूम केल्यावर आपोआप ३.५ वरून ५.६ कडे जातो, म्हणजे उजेड कमी होतो. पूर्ण उघडी ठेवून झूम केलंत की मॅन्युअल असूनही फोटो काळवंडतो. शिकताना ५.६ किंवा त्यापुढेच राहा.

पायरी ३: दोनशे, आठ, हजार

फिल्मच्या डब्यावर पूर्वी छापलेलं असायचं, की स्वच्छ उन्हात एफ १६ लावा आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं. म्हणजे आयएसओ २०० ला १/२५० च्या जवळपास. नियम अजून शंभर नंबरी आहे, कारण सूर्य बदललेला नाही. पण डिजिटल कॅमेऱ्यात एफ १६ ला चित्र किंचित मऊ पडतं, लहान भोकातून जाताना उजेड पसरतो म्हणून. त्यामुळे मी तोच नियम दोन स्टॉप सरकवून वापरतो: आयएसओ २००, एफ ८, शटर १/१०००. दोनशे, आठ, हजार. रिक्षाच्या नंबरासारखं पाठ करा.

नोव्हेंबरपासून मेपर्यंत, सकाळी नवापासून संध्याकाळी चारेकपर्यंत, आभाळ निरभ्र असेल तर गुहागर असो, तारकर्ली असो की हर्णै, उन्हातली वस्तू या तीन आकड्यांवर बरोबर येते. मीटर बघायची गरज नाही. ऊन कमी झालं की किती उघडायचं, हे तुमची सावली सांगते. वाळूवर पडलेल्या स्वतःच्या सावलीच्या कडेकडे बघा.

कड सुरीसारखी धारदार असेल तर दोनशे, आठ, हजार. कड मऊ झाली, म्हणजे सूर्यावर पातळ ढग आहे, तर एक स्टॉप उघडा. सावली ओळखूच येत नाही पण लख्ख ढगाळ आहे, तर दोन. दाट ढग, तीन. स्वतः सावलीत उभे आहात पण वर आभाळ उघडं आहे, म्हणजे पडवी, घराची सावली, होडीची आडोशाची बाजू, तर चार. जुलैत पाऊस कोसळत असताना भर दुपारी मी पाचपर्यंत गेलो आहे.

समजा आजी पडवीत विळीवर बसून फणस चिरते आहे. चार स्टॉप हवेत. दोन अ‍ॅपर्चरमधून घ्या, ८ वरून ४. दोन शटरमधून घ्या, १/१००० वरून १/२५०. आयएसओला हात नको. आजी माजघरात गेली तर मात्र गणित बदलतं. जुन्या कोकणी घराच्या माजघरात दिवसासुद्धा उन्हापेक्षा दहा स्टॉप कमी उजेड असू शकतो. एफ २ (चार), १/६० (आणखी चार), आयएसओ ८०० (आणखी दोन). दहा झाले. उंबरठा ओलांडला की दहा स्टॉप जातात, हे आपल्या डोळ्यांना जाणवतच नाही, म्हणूनच घरातले फोटो नवख्यांचे हलतात.

आकड्यांवर भरवसा बसेपर्यंत पडताळा घ्यायला एक साधन जवळच आहे, तळहात. माणसं सावळी असोत की गोरी, तळहाताच्या रंगात फार फरक नसतो, आणि तो मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. ज्या उजेडात फोटो काढायचा त्याच उजेडात तळहात धरा, फ्रेम त्याने भरा, आणि मीटरचा काटा अधिक १ वर येईल अशा चाक्या फिरवा. हात खाली घ्या आणि मग काटा काही का दाखवेना. उन्हातली जांभ्याची कोरडी भिंतही मला बऱ्याचदा उपयोगी पडते, तिच्यावर काटा मधोमध आणला की काम भागतं. पावसाने भिजलेला जांभा मात्र गडद होतो, तो धरू नका.

पायरी ४: परत दोन समुद्रांवर

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन पुन्हा मांडवीला गेलो. आकडे लावले, काळी वाळू काढली. मीटर उणेच्या टोकाकडे जाऊन ओरडत होता, अंधार अंधार. ऐकलं नाही. फोटोत वाळू काळी आली, आणि तिच्यातली बारीक चमकही आली. या किनाऱ्याच्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड काळी खनिजं आहेत, ओहोटीला लाट मागे जाते तेव्हा त्यांचे पट्टे दिसतात. राखाडी फोटोत ते पट्टे पार धुऊन गेले होते.

मग पांढऱ्या समुद्रावर. चाकी न हलवता तोच फोटो. मीटर आता अधिककडे. वाळू फिकट, जशी आहे तशी. फक्त एका ठिकाणी ओल्या वाळूवर सूर्य चमकत होता तिथे पडद्यावर काळी-पांढरी लुकलुक झाली, म्हणजे तिथला तपशील उडाला. भर दुपारी फिकट वाळू आणि पाणी यांचंच चित्र असेल तर मी शटर १/२००० वर नेतो, एक स्टॉप दाबून. डिजिटलमध्ये जे पांढरं फटक झालं ते गेलंच, सावलीतलं मात्र थोडंफार उचलता येतं, रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद, जेपेग नव्हे) असेल तर बरंच. पण चित्रात माणूस असेल तर दाबू नका, वाळू थोडी उडाली तर उडू दे. चेहरा महत्त्वाचा. आणि लाटेच्या माथ्यावरची, बांगड्याच्या अंगावरची ठिणगीएवढी चकाकी उडायलाच हवी. ती वाचवायला गेलात तर मासे शिळे दिसतात.

मिरकरवाड्यात

बंदरावर सकाळी होड्या लागतात तेव्हा दोन उजेड असतात, शेडच्या आतला आणि बाहेरचा. पोचल्या पोचल्या कॅमेरा न उचलता दोन्ही ठरवून टाका. मी आयएसओ ८०० ठेवतो. आत एफ ४, १/२५०. बाहेर साडेआठच्या उन्हात एफ ८, १/२०००. म्हणजे आतून बाहेर येताना रिंग सहा टिक आणि शटर तीन घरं. डोक्यावर पाटी घेतलेली बाई शेडच्या दारातून बाहेर येत असते तेवढ्या चार पावलांत बोटं हे करून टाकतात. ऑटोवर ठेवलंत तर तिच्या मागचं उजेडी दार बघून कॅमेरा तिलाच काळी करतो.

चालत्या माणसाला १/२५०, मासे फेकणाऱ्या हाताला १/१०००. हे झालं शटरचं. बाकी इथे शटरपेक्षा जीभ जास्त लागते. आधी विचारा, लिलावाच्या मध्ये उभे राहू नका, आणि कोणी "नको" म्हणालं तर कॅमेरा खाली. एखादा बांगड्याचा वाटा विकत घेतलात तर पुढच्या वेळी ओळख राहते.

सूर्यास्त

इथे सगळे जमतात आणि इथेच सगळे चुकतात. सूर्य फ्रेममध्ये धरून मीटर वाचायचा नाही. सूर्य चौकटीबाहेर ठेवून बाजूच्या आभाळावर काटा मधोमध आणा, चाक्या सोडा, मग फ्रेम लावा. पुढे उभं असलेलं माणूस, होडी, माड काळ्या आकृत्या होतील, आभाळाचा रंग राहील.

सूर्य बुडाल्यावर लोक पार्किंगकडे निघतात, पण तुम्ही निघू नका. त्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत उजेड फार झपाट्याने उतरतो, साधारण दर तीन-चार मिनिटांना एक स्टॉप. इथे मॅन्युअल म्हणजे एकदा लावून मोकळं होणं नाही. मी क्रम ठरवून ठेवला आहे. आधी शटर खाली आणायचं, हात स्थिर राहील तिथपर्यंत. लेन्स ५० मिलिमीटरची आणि कॅमेरा लहान सेन्सरचा असेल तर १/१२५ च्या खाली सहसा नाही. मग अ‍ॅपर्चर उघडायचं, मग आयएसओ. तिपाई असेल तर हा क्रम उलटा: आयएसओ २०० च ठेवा, एफ ११, आणि शटर सेकंदांत जाऊ द्या. आरे-वारेला खडकांवर चढणारी लाट एक-दोन सेकंदांत धुक्यासारखी येते. तेच भर दुपारी करायला गडद एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड अडवणारी काळसर काच, लागतो. दहा स्टॉपचा असेल तर उजेड हजारावा भाग होतो, म्हणजे आपला १/१००० चा थेट एक सेकंद.

जत्रेतली रात्र

सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावतार उभा राहतो. नाटक मध्यरात्रीनंतर रंगतं, मागे काळोख, समोर रंगवलेले चेहरे आणि जरीचे पोशाख. मीटरला काळोखच जास्त दिसतो, तो फोटो उजळायला जातो आणि राजाचा चेहरा चुन्यासारखा निघतो. पण रंगमंचावरचा उजेड रात्रभर तोच असतो! म्हणजे मॅन्युअलसाठी याहून सोपी जागा नाही. पहिल्या प्रवेशात चेहऱ्यावर दोन-तीन फोटो काढून आकडे ठरवा आणि पहाटेपर्यंत बदलू नका. मी आयएसओ ३२००, एफ २.८, १/२५० पासून सुरुवात करतो. फ्लॅश लावायचा नाही. नटाच्या डोळ्यांवर जातो आणि शेजारी बसलेले आजोबाही शिव्या घालतात, बरोबरच घालतात.

एक अडचण नवी आहे. पूर्वीच्या पेट्रोमॅक्सला जी नव्हती ती एलईडी दिव्यांना आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/२५० वर एका फोटोत उजेड, दुसऱ्यात अंधार, किंवा फ्रेमवर आडवे पट्टे येतात. तसं दिसलं तर शटर १/१०० वर आणायचं, म्हणजे प्रत्येक फोटोत पूर्ण एक लुकलुक मावते. आता चाकीवर १/१०० लिहिलेलंच नसतं. चाकी १/१२५ वर ठेवा आणि बोटाखालचं चाक एक टिक मागे घ्या, पडद्यात १०० दिसेल. फुजीवर चाकी 'टी'वर ठेवून सगळे आकडे बोटाखालच्या चाकावरही घेता येतात. निकॉनवर त्यासाठी '१/३ स्टेप' असं लिहिलेलं घर आहे.

अशाच एका जत्रेनंतर मी पहाटे चारला घरी आलो, दोन तास झोपलो आणि सकाळी चुलतबहिणीच्या मुलाच्या मुंजीला गेलो. आयएसओ ३२०० वरच. मांडवाबाहेर उन्हात मातृभोजनानंतरचे सगळे फोटो पांढरे, बटूचं फक्त जानवं ओळखू येतं. ताई अजून ते अल्बम काढते, मी दिसलो की हटकून. चाक्यांच्या कॅमेऱ्याचा हा दुर्गुण आहे: तो काल रात्रीचं विसरत नाही.

कधी सोडून द्यायचं

भाट्याच्या सुरूच्या बनात पोरं पळताहेत, उन्हाचे कवडसे आणि सावली मिसळलेली आहे. पावसाळ्यात श्रावण लागला, ऊन-पाऊस मिनिटामिनिटाला बदलतोय. शिमग्याची पालखी नाचत नाचत घराच्या सावलीतून उन्हात आणि परत सावलीत. अशा वेळी तिन्ही चाक्या हाताने फिरवण्याचा हट्ट मी करत नाही. शटर १/५०० वर पक्कं, अ‍ॅपर्चर ५.६ वर पक्कं, आणि आयएसओ खुशाल 'ए'वर. मग ती विसरलेली भरपाईची चाकी कामाला येते. पालखीमागे पांढरी चुन्याची भिंत असेल तर अधिक १, मागे काळोखी आमराई असेल तर उणे १. कारण तेव्हा मीटर परत कारभारी झालेला असतो, आणि तो वाळूला फसला तसाच भिंतीलाही फसतो.

खारी हवा

उघड्या चाक्या म्हणजे मिठाला उघडी दारं. किनाऱ्यावरून आल्यावर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने बॉडी पुसा, चाक्यांच्या कडा फिरवत फिरवत पुसा, मग कोरड्या फडक्याने. लेन्सच्या काचेवर हे फडकं नको. तिच्यावर आधी फुंकणीने वाळू उडवा, मग लेन्सचं कापड, नाहीतर एक कण पुरेसा असतो चरा पडायला. एसी गाडीतून एकदम बाहेर काढलात तर काचेवर दव धरतं. दहा-पंधरा मिनिटं पिशवी बंदच ठेवा, ते आपोआप टळतं.

पावसाळ्यात कपाटात कॅमेरा ठेवू नका. चार महिन्यांत लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते, आणि ती एकदा काचेवर बसली की साफ करूनही डाग राहू शकतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील तेवढ्या पुड्या घाला. रंग बदलणाऱ्या पुड्या मिळतात, रंग बदलला की आतले दाणे मंद आचेवर लोखंडी तव्यात गरम करून परत वापरता येतात. भाकरीचा तवा मात्र वापरू नका, वेगळा ठेवा.

आणि डब्याचं झाकण लावण्याआधी चाक्या परत दोनशे, आठ, हजारवर.